थोरलो, धाकटो आणि पनीरचं पाणी

"ओढ गो कुंदा, ओढ! तोंडाकडे काय बघतंस?"

ख्रिस्ती वाडीतली फिलूमाय असं ओरडली तेव्हा डुकराचा मागचा एक पाय तिच्या हातात होता आणि दुसरा माझ्या. उरलेलं डुक्कर माझ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या पाइपात अडकलेलं. आम्ही दोघींनी देवाचं नाव घेऊन जोर लावला, तिने तिच्या देवाचं, मी माझ्या. डुक्कर सुटलं आणि आम्ही दोघी चिखलात पाठीवर आडव्या झालो. डुकराने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंग झाडलं आणि पुन्हा पाइपाला तोंड लावलं.

"बघ बघ, कसो पिता तो बेवड्यासारखो!" फिलूमाय साडी झटकत म्हणाली. "गेले कितीक दिस ह्याच नाटक चालू आसा. घरात भुसो घातलंय तर वास घेता नि तोंड फिरवता. नि हय येवन तुझ्या गटारात तोंड घालता."

"गटार नाय गो माय," मी म्हटलं. "पनीरचा पाणी आसा ता."

बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तशीच चिखलात बसून राहिले आणि त्या डुकराकडे पाहत राहिले. ते इतक्या आवडीने पीत होतं की मलाच तहान लागावी.

कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. सावंतवाडीपासून आत आमचं गाव, गावाच्या टोकाला पत्र्याची शेड, त्यात दोन मोठ्या कढया, एक भट्टी आणि एक थंड पेटी. बाबांनी सुरू केलेला, बाबा गेल्यावर मी चालवत होते. आजूबाजूच्या वाड्यांतलं दूध यायचं, त्याचं पनीर होऊन गोव्याच्या हॉटेलांत जायचं. पण दूध फाडलं की पनीर निघतं थोडंसं, आणि मागे राहतं ते हिरवट-पिवळं आंबूस पाणी, ढीगभर. ते पाइपातून व्हाळात जायचं. व्हाळ म्हणजे आमचा ओढा. पावसाळ्यात ते वाहून जायचं तेव्हा कुणाचं काही म्हणणं नसायचं. पाऊस सरला की व्हाळ आटायचा आणि वास सुटायचा. यंदा श्रावणातच पावसाने दडी मारली आणि वास लवकर सुटला.

त्या वासाने गावात माझं नाव खराब केलं होतं. उपसरपंच दाजी राऊळांचं घर व्हाळाच्या खालच्या अंगाला. त्यांनी ग्रामसभेत विषय काढला आणि खरं सांगायचं तर ते काही चुकीचं बोलले नाहीत.

"कुंदा, माझा तुझ्याशी वैर नाय," दाजी म्हणाले. "पण माझ्यो म्हशी व्हाळाचा पाणी पियत नाय. सुनेक वासान जेवण जाणा नाय. कारखानो बंद करूचो लागतलो."

मी उठून उभी राहिले. माझं तोंड नेहमीप्रमाणे पुढे. "बंद कित्या? ता पाणी मी डुकरांक घालतंय. फिलूमायच्या डुकराक विचारा. दुधातलो सगळो कस पनीरात जाणा नाय, अर्धो त्या पाण्यात रवता. डुकर नुसते फुगतले!"

सभेत असा हशा उसळला की समाजमंदिराच्या वळचणीतली पाखरं उडाली. सगळ्यात मोठ्याने हसला कायतान. फिलूमायच्या शेजारचा हा माणूस, माडाची सूर, म्हणजे माडी, काढायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत तज्ज्ञ होता.

"पाण्यान डुकर फुगता तर मी माझो नेऊन व्हाळातच बांधतंय!" कायतान म्हणाला. "अरे, डुकराक लागता भुसो. माझो बघा नातालाक. रेड्यासारखो करतंय!"

दाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माणूस कडक, पण न्यायाचा. "ठीक आसा. फिलूमाय, तुझ्या डुकरणीची पिल्लां आसत मा? त्यातले दोन घे. एकाक पाणी, एकाक नाय. बाकी खाणा दोघांक सारख्याच. नातालाच्या आधीच्या आयतवारी वजन करूया. पाणीवालो भारी ठरलो तर कारखानो चालू, पाणी सगळा डुकरांक. नाय तर टाळा."

मी हो म्हटलं. फिलूमायनेही मान डोलावली. पण सभेतून बाहेर पडताना तिने माझा हात धरला.

"कुंदा, एकाकच?"

"एकाकच माय."

"बरा," ती म्हणाली. जरा पुढे गेल्यावर तिने पुन्हा विचारलं, "आणि दुसऱ्याक अजिबात नाय?"

"अजिबात नाय. थेंबसुद्धा नाय."

फिलूमायचा हात असा होता की तिने पाव मोडला तर दोन्ही तुकडे सारखे निघायचे. मी तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाऊल टाकलं की तिच्या हातात जे असेल त्यातलं अर्धं माझ्या हातात यायचं, मग तो पाव असो, उकडलेला कणंगाचा कंद असो की सुपारी.

माझा भाऊ विनू चतुर्थीला गोव्यातल्या म्हापशाहून घरी आला तेव्हा सगळ्या गावाला ही शर्यत पाठ झाली होती. विनू माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. तिथे हॉटेलात कामाला होता. बाबांच्या मागे जमीन आणि कारखाना त्याच्या नावावर झाला होता, आणि त्याला ती जागा विकायची होती. वाईट नव्हता हो माझा भाऊ. फक्त त्याला पनीरची हौस नव्हती.

"ताई, कित्या हट करतंस?" तो पडवीत बसून म्हणाला. "पार्टी तयार आसा. पर्यटकांसाठी खोल्यो बांधतली. तू आरामात रव."

"माका आराम नको. कारखानो व्हयो."

आई आतून आली. नेहमीप्रमाणे विनूच्या हातात सायीचं दूध दिलं, माझ्या हातात ताक. आम्ही दोघं आपापलं प्यायलो.

"नातालपर्यंत थांबतंय," विनू पेला खाली ठेवत म्हणाला. "डुकर जिंकलो तर मी विकण्याचो विषय काढणार नाय. पण हरलो तर तू रडूचा नाय."

"मी कधी रडलंय?" मी विचारलं. त्यावर तो हसला, कारण मी खरंच कधी रडत नसे.

दोन पिल्लं निवडली. काळी कुळकुळीत, एकाच पोटची, शेपट्यांचे वळसेसुद्धा सारखे. ज्याला नाताळात खायचं त्याला नाव ठेवायचं नाही, हा फिलूमायचा नियम. म्हणून एक थोरलो आणि एक धाकटो एवढंच. पाणी थोरल्याला. त्यांचा तिसरा भाऊ कायतानने आधीच विकत नेला होता, त्याचा रेडा करायला.

पहिल्या दिवशी मी उत्साहात बादलीभर ओतलं आणि थोरल्याचं पोट असं बिघडलं की दोन दिवस आमच्या तोंडचं पाणी पळालं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढवा, भुशात कालवा, साधं पाणीही बाजूला ठेवा आणि डोण रोज घासा. डोण म्हणजे दगडाचं खाण्याचं भांडं. मग मी रोज संध्याकाळी कॅन घेऊन जायची, फिलूमाय करवंटीच्या डवल्याने थोरल्याच्या डोणीत ओतायची, आणि तो असा फुरफुरत प्यायचा की बुटक्या भिंतीपलीकडचा धाकटो केकाटून आकाश डोक्यावर घ्यायचा.

काही दिवसांनी त्या दोघांच्या मध्ये माडाच्या झापाचा पडदा दिसला. एवढा जाड की पलीकडचं काहीच दिसेना.

"तेका दिसता, म्हणान आराडता," फिलूमाय म्हणाली. "आता गप रवता."

खरंच, त्या दिवसापासून धाकटो गप झाला. मी म्हटलं, शहाणी बाई. आणि पुढच्या आठवड्यात तीच मला म्हणाली, "कुंदा, ह्यो कॅन पुराणा नाय. मोठो आण."

मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. एवढं पितो! मी मोठा कॅन आणला. मग त्याहून मोठा. थोरलो दिवसागणिक गोल होत होता, पाठ रुंद, कातडी तेल लावल्यासारखी. मी त्याला बघायला जायची तेव्हा सणाला निघाल्यासारखी जायची. रस्त्यात कायतान भेटला की त्याला मुद्दाम विचारायची, "काय रे, रेडो कसो आसा?"

"येतलो तेव्हा बघशीत," तो म्हणायचा, आणि त्याच्या गोठ्याचं दार पाठीने झाकायचा.

वजनाच्या रविवारी चॅपेलातली प्रार्थना आटोपून ख्रिस्ती वाडीतली माणसं तशीच चांगल्या कपड्यांत फिलूमायच्या खळ्यात आली. इकडून आमची वाडी आली. पोरं आंब्यावर चढली. काजू घेणाऱ्याचा काटा फणसाच्या फांदीला टांगला होता आणि खाली गोणपाटाची झोळी. दाजी खुर्चीवर बसले. विनू खास म्हापशाहून आला होता आणि आईसुद्धा, जी कधी कुठे जात नाही, डोक्यावर पदर घेऊन कुंपणाच्या वईपाशी उभी होती.

थोरल्याला चौघांनी उचलला. त्याने असा टाहो फोडला की चॅपेलच्या घंटेने लाजावं. काटा खाली गेला, हलला, थांबला.

"चव्वेचाळीस!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. गावठी डुकराला त्या वयात एवढं वजन! मी विनूकडे पाहिलं. त्याने भुवया वर केल्या. माझं काळीज नुसतं नाचत होतं.

"आता धाकट्याक काढा," दाजी म्हणाले.

फिलूमायने झाप बाजूला सारला आणि धाकटो बाहेर आला. डुलत डुलत आला. पाठ रुंद, पोट जमिनीला टेकायच्या बेतात, कातडी चकचकीत. आंब्यावरचं एक पोरगं खिदळलं.

त्यालाही झोळीत घातला. काटा खाली गेला, हलला, थांबला. थोरल्यापेक्षा पाव किलो जास्तच.

मग काय विचारता! सगळं खळं हसायला लागलं. कायतान तर फणसाच्या बुंध्याला धरून हसत होता. "बघितलास? पाणी म्हणे, पाणी! भुसो तो भुसो!"

दाजी हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "कुंदा, सगळ्यांसमोर झाला. पाण्यान काय फरक पडलो नाय. आता..."

विनू माझ्याजवळ आला. "जावंदे ताई," तो हळूच म्हणाला. शेड, कढया, भट्टी, पहाटेचा दुधाचा वास, सगळं डोळ्यांसमोरून निघून चाललं होतं.

तेवढ्यात खण्‌ खण्‌ आवाज झाला. धाकटो झोळीतून सुटून सरळ मी सोबत आणलेल्या कॅनपाशी गेला होता आणि नाकाने त्याला धडका मारत होता. झाकण उघड म्हणून. अगदी ओळखीने, हक्काने.

मी त्याच्याकडे पाहिलं. मग फिलूमायकडे पाहिलं.

"माय," मी म्हटलं, "ह्येका माझो कॅन कसो ठावक?"

फिलूमाय जराही गडबडली नाही. "ठावक नसतलो? रोज पिता तो."

"रोज?"

"मगे! आराडाक लागल्यापासून देतंय."

"माय!" मी किंचाळलेच. "तुका सांगलेला एकाकच म्हणान!"

"सांगलेला. पण अगो, एका पोटचे दोघे. एकाच्या डोणीत दूध नि दुसरो भितीआडसून वास घेता. माझ्यान बघवना." ती माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच काहीतरी विसरले आहे. "आणि दोघय वाढले तर तुझाच नाव मोठा, नाय? एक डुकर फुगवलस त्यापेक्षा दोन फुगवलस ह्या बरा नाय?"

तिच्या हिशेबाने तिने माझा विजय दुप्पट केला होता. मला हसू येत होतं आणि तिचा गळाही धरावासा वाटत होता.

"ही आता कुंदाक वाचवता!" कायतान ओरडला. "हरल्यार कोण काय पण सांगतलो!"

काही माना हलल्या. दाजींनी कपाळ खाजवलं. "फिलूमाय, तू खोटा बोलणारी नाय, माका म्हायत आसा. पण ह्या कसा मानूचा? पाणी न पिललो डुकर खंय आसा आता?"

"आसा की!" फिलूमायने बोट सरळ शेजारच्या वईकडे केलं. "कायतानाकडे. ह्येंचोच भाऊस. तेका फकत भुसो. आणा तो!"

कायतानचं हसू जागच्या जागी थांबलं. "माझो कित्या? माझो... माझो मांदो आसा. वायच सर्दी झाली हा."

"रेडो नि सर्दी?" मी म्हटलं, आणि आता खळं कायतानवर हसलं. दाजी स्वतः उठले. "कायतान, सभेत तूच बोललंस, नातालाक बघा म्हणान. चल, दाखय."

नाइलाजाने कायतान गेला, मागे अर्धं गाव. त्याने गोठ्याचं दार जेमतेम चार बोटं उघडलं असेल, तेवढ्या फटीतून त्याचा रेडा बाहेर सटकला. फट पुरली, यावरूनच काय ते समजा! वई फोडून तो फिलूमायच्या खळ्यात घुसला, दाजींच्या धोतरातून निघाला, दोन बायकांना गोल फिरवलं, विनूने झडप घातली तर हातातून निसटला, आणि तीरासारखा माझ्या कॅनवर. धाकट्याच्या धडकांनी झाकण सैल झालंच होतं. ते उडालं, कॅन कलंडला, आणि त्याने मानेपर्यंत तोंड आत घातलं. त्या जन्मात त्याने ते पाणी कधी चाखलं नव्हतं, पण वास तर रोज वईवरून येत असणार. चौघांनी ओढलं तरी बाहेर येईना.

"धरा! धरा तेका!" सगळेच ओरडत होते आणि कुणालाच हसू आवरत नव्हतं. मी स्वतः त्याचा मागचा पाय धरला. हा धंदा मला सवयीचा झाला होता.

शेवटी काढला. दोन भावांच्या मध्ये तो उभा राहिला तेव्हा काटा बघायची गरजच नव्हती. थोरलो आणि धाकटो जसे बापूस आणि काका, आणि हा मध्ये त्यांचं पोर. तरी दाजींनी वजन केलंच, कारण ते न्यायाचे. निम्म्यापेक्षा थोडं जास्त भरलं.

"झाला," दाजी म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांचे दात दिसले. "पाणी डुकरांक, कारखानो कुंदाचो. पण व्हाळात थेंब इलो तर माझ्याशी गाठ आसा."

जो कल्ला झाला तो विचारू नका. पोरं आंब्यावरून उड्या मारत होती. मी फिलूमायला मिठी मारून गोल फिरवली आणि ती, "सोड गो, पडशीत!" म्हणून ओरडत होती. कायतान गर्दी चुकवत माझ्याजवळ आला.

"कुंदा," तो इकडेतिकडे बघत पुटपुटला, "उद्यापासून माझ्याकडेय एक कॅन सोडशीत?"

विनू मात्र कल्ल्यात नव्हता. तो फिलूमायसमोर उभा होता.

"माय, तू हरवली असतंस ना माझ्या ताईक," तो म्हणाला. "एवढा सांगून पण कित्या दिलंस धाकट्याक?"

"एकाक देवचा नि दुसऱ्याक दाखवचा, ह्या माका जमणा नाय बाबा," फिलूमाय म्हणाली. "जनावर झाला म्हणान काय झाला? तेका काय कळणा नाय?"

विनूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, तू ताक कित्या पितंस गो?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही लहानपणी एकदाच विचारलं होतं. "आई देता म्हणान," मी म्हटलं.

वईपाशी उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं. तिने पदर तोंडाशी नेला आणि जमिनीकडे पाहिलं.

विनूने पॅन्टचे पाय दुमडले, कलंडलेला कॅन सरळ केला आणि फिलूमायच्या हातातला करवंटीचा डवला घेतला. मग तीन डोणी शेजारी शेजारी ओढल्या आणि कॅनात उरलेलं पाणी त्यांत ओतायला लागला. एक डवला इकडे, एक तिकडे, एक मधे. डुकरं त्याला ढुशा देत होती, त्याचे कपडे खराब होत होते, तरी तो घाई करत नव्हता. शेवटी खाली वाकून, एक डोळा मिटून त्याने तिन्ही डोणींतलं पाणी बघितलं आणि मधल्या डोणीत आणखी थोडं घातलं.

"आता सारख्या झाला काय गो ताई?" त्याने विचारलं.

"झाला," मी म्हटलं, आणि सगळ्या गावासमोर मला असं रडू फुटलं की हुंदके आवरेनात. फिलूमाय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळ्यांना वाटलं, कारखाना वाचला म्हणून.